ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे: गॅप इयर आखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभर फिरायचं आणि खर्चाची सोय तिथेच काम करून लावायची, यासाठी ऑस्ट्रेलियाचे ४१७ आणि ४६२ असे दोन व्हिसा आहेत. खालची उत्तरं त्यांच्याबद्दल आहेत. डॉलर म्हटलं आहे तिथे ऑस्ट्रेलियन डॉलर समजावेत. शुल्कं आणि वेतनदर २०२५–२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. ते साधारण दर १ जुलैला बदलतात, म्हणून अर्जाच्या आधी चालू आकडा पाहून घ्या.

४१७ आणि ४६२ यांतला कोणता घ्यायचा?

हे आपण ठरवत नाही, पासपोर्ट ठरवतो. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, जपान, जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया, तैवान वगैरेंचा पासपोर्ट असेल तर ४१७. अमेरिका, स्पेन, अर्जेंटिना, इंडोनेशिया, चीन, व्हिएतनाम, भारत वगैरेंचा असेल तर ४६२. दोन्हींवर बारा महिने राहता येतं, काम करता येतं आणि कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. मधे बाहेर घालवलेले दिवस मात्र भरून मिळत नाहीत.

४६२ ला शिक्षणाची आणि इंग्रजीची अट जास्त आहे. शिवाय दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर पहिल्या वर्षात ठरावीक भागात ठरावीक काम करावं लागतं (त्याबद्दल पुढे), आणि कोणतं काम कुठे चालतं, याच्या दोन्ही व्हिसांच्या याद्या वेगळ्या आहेत. इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला ४१७ वाल्यांनी लिहिलेला असतो. खाणकाम त्यांना दुसऱ्या वर्षासाठी मोजता येतं, ४६२ वाल्यांना नाही. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना तर १ जुलै २०२४ पासून शेतातल्या दिवसांची अटच उरलेली नाही. त्यामुळे कुणाचाही अनुभव वाचताना आधी त्याचा व्हिसा कोणता ते बघा.

भारतीय पासपोर्टवर खरंच मिळतो का?

मिळतो, पण सोडतीतून. दोन देशांमधला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यानुसार वर्षाला १,००० जागा आहेत आणि पहिली सोडत २०२४–२५ साठी निघाली. भारत, चीन आणि व्हिएतनाम या तीन देशांना सोडत लागते.

नोंदणी ऑनलाइन होते. शुल्क २५ डॉलर, ते परत मिळत नाही. पासपोर्टबरोबर पॅन कार्डाचे तपशील लागतात. एका माणसाची एकच नोंदणी चालते आणि नाव यादृच्छिक पद्धतीने निघतं. लवकर नोंदणी केल्याने काही फरक पडत नाही. यंदा नाव लागलं नाही तर नोंदणी पुढच्या वर्षी चालू राहत नाही, पुन्हा करावी लागते.

नाव लागल्यावर पूर्ण अर्जासाठी २८ दिवस मिळतात, आणि बहुतेकांची तारांबळ इथेच उडते. शिक्षणाचे कागद, इंग्रजीचा पुरावा आणि बँकेचं विवरण नाव लागण्याआधीच तयार हवं. इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर तारीख मिळणं, निकाल लागणं यातच हे दिवस उडून जातात. सोडत फक्त पहिल्या व्हिसाला लागते, दुसऱ्या-तिसऱ्याला नाही.

४६२ साठी शिक्षण आणि इंग्रजी किती लागतं?

भारतीय पासपोर्टवाल्यांचं शाळेनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण हवं. शाळा संपल्या संपल्या गॅप इयर घेणाऱ्याला म्हणूनच हा रस्ता बंद असतो. पदवीच्या मधे किंवा पदवीनंतर वर्ष घेणाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे.

इंग्रजी कामचलाऊ पातळीचं पुरतं. आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५, आणि परीक्षा अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतली हवी. पूर्ण प्राथमिक शाळा आणि माध्यमिकची किमान तीन वर्षं इंग्रजी माध्यमात झाली असतील तर परीक्षेऐवजी शाळेचे दाखले चालतात. दाखल्यावर माध्यम इंग्रजी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसती गुणपत्रिका जोडणारे इथेच अडकतात.

वयाची अट नेमकी कशी मोजतात?

अर्जाच्या दिवशी १८ पूर्ण आणि ३१ अपूर्ण. ४१७ मध्ये ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, फ्रान्स, इटली आणि डेन्मार्कच्या नागरिकांना ३५ पर्यंत सूट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या व्हिसाच्या अर्जालाही हीच अट लागते. मुलांना सोबत नेता येत नाही. जोडीदाराला स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

व्हिसाला किती खर्च येतो, आणि ५,००० डॉलर दाखवायचे म्हणजे काय?

अर्जाचं शुल्क ६७० डॉलर. वैद्यकीय तपासणी सांगितली तर तिचा खर्च वेगळा. क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांना छातीचा एक्स-रे बहुधा सांगतातच, आणि तो त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच काढावा लागतो. पहिला व्हिसा ऑस्ट्रेलियाबाहेरूनच मागायचा. तो मंजूर होतानाही तुम्ही बाहेर असायला हवं. मंजुरीनंतर बारा महिन्यांत कधीही आत शिरा, वर्ष तिथून सुरू होतं.

५,००० डॉलर ही सुरुवातीच्या खर्चाची रक्कम, त्यावर परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे. अर्जाच्या आदल्या दिवशी मोठी रक्कम खात्यात टाकली की ती उसनी असल्याचा संशय येतो. काही महिने खात्यात असलेली शिल्लक बरी.

हे पैसे नुसते दाखवण्यापुरते धरू नका, ते खर्चही होतात. सिडनी-मेलबर्नमध्ये सामायिक घरातल्या खोलीला आठवड्याला अडीचशे ते चारशे डॉलर सहज पडतात. त्यावर अनामत, जी न्यू साउथ वेल्समध्ये कमाल चार आठवड्यांच्या भाड्याइतकी घेता येते. पहिला पगार हाती पडायला तीन-चार आठवडे धरले तर अर्धी रक्कम तिथेच जाते.

कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्या आखणीचा पाया हा प्रश्न आहे, आणि बहुतेक जण तो तिकिटाच्या दरावरून सोडवतात. ऑस्ट्रेलियाचे ऋतू उत्तर गोलार्धाच्या उलट असतात. त्यातही देशाच्या दोन टोकांची गणितं वेगळी: दक्षिणेत डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, तर उत्तरेत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम.

कोरड्या हंगामात डार्विन, ब्रूम, केर्न्स इथे पर्यटक लोटतात. हॉटेलं आणि रोडहाउस, म्हणजे महामार्गावरचे पेट्रोल-जेवणाचे थांबे, माणसं शोधत असतात. पावसाळ्यात त्याच भागातले रस्ते पाण्याखाली जातात, पर्यटन आटतं आणि नोकऱ्याही. जानेवारीत डार्विनला काम शोधायला उतरणं म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही वाया.

फळांचं वेळापत्रक साधारण असं: नॉर्दर्न टेरिटरीत डार्विन आणि कॅथरीनच्या आसपास आंबा सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत. न्यू साउथ वेल्समधल्या यंग भागात चेरी नोव्हेंबर-डिसेंबरला. टास्मानियात चेरी डिसेंबर ते फेब्रुवारी आणि तिच्या मागून सफरचंद मेपर्यंत. व्हिक्टोरियातल्या शेपर्टनला नाशपाती जानेवारी ते मार्च. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिल. क्वीन्सलंडच्या टली-इनिसफेल पट्ट्यात केळी बारमाही, म्हणून हंगाम हुकलेले लोक शेवटी तिथे पोचतात. हिवाळ्यात द्राक्षवेलींची छाटणी असते. ती थंडीत करायची असल्याने गर्दी कमी असते. बर्फाच्या रिसॉर्टचा, म्हणजे पेरिशर, थ्रेडबो, फॉल्स क्रीक वगैरेंचा, हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो, पण त्यांची भरती उन्हाळा संपतानाच सुरू होते.

आमचं मत विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरा. आंबा, चेरी, सफरचंद अशी एकामागून एक कामं समोर असतात, आणि दुसऱ्या वर्षासाठी लागणारे दिवस नवीन वर्षाच्या पहिल्या तिमाहीत भरतात. आधी फिरून घेऊ, शेतीचं नंतर बघू म्हणणारे अकराव्या महिन्यात कुठल्याही अटीवर काम धरतात, आणि फसवणूक सर्वाधिक तेव्हाच होते.

उतरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं?

आधी सिम, मग बँक खातं, मग टीएफएन हा कर क्रमांक. मोफत आहे, ऑनलाइन मागायचा, पण देशात पोचल्यावरच. पैसे घेऊन टीएफएन काढून देणाऱ्या साइट खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका. क्रमांक पोस्टाने येतो आणि त्याला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. इथे खरी अडचण पत्त्याची असते. हॉस्टेलचा पत्ता दिला आणि आठवड्यात गाव बदललं की पत्र तिथल्या टपालाच्या ढिगात पडून राहतं. महिनाभर हलणार नाही असा कुणाचा पत्ता द्या.

टीएफएन येईपर्यंत काम सुरू करता येतं. अर्ज केल्याचं मालकाला फॉर्मवर कळवलं की २८ दिवसांची सवलत मिळते. त्यानंतरही क्रमांक दिला नाही तर पगारातून ४५ टक्के कापले जातात.

व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर नसतो, सगळं डिजिटल आहे. मालकाला दाखवण्यासाठी व्हेवो या सरकारी यंत्रणेतून तपशील काढून फोनमध्ये ठेवा.

दुसऱ्या वर्षासाठीचे ८८ दिवस कसे मोजतात?

सर्वात जास्त अर्ज फसतात ते इथे, म्हणून हे सावकाश वाचा.

दुसऱ्या व्हिसासाठी पहिल्यावर असताना तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागात केलेलं हवं. तिसऱ्यासाठी दुसऱ्यावर असताना सहा महिने, म्हणजे १७९ दिवस. मोजणीचा आधार आहे त्या उद्योगातला पूर्णवेळ कामगार. एकाच मालकाकडे सलग पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला पाच दिवस काम केलंत तर शनिवार-रविवार धरून सात दिवस मोजले जातात. अशा हिशेबाने तेरा आठवड्यांत काम भागतं.

पण शेतातलं काम असं सलग मिळतंच असं नाही. आठवड्यात तीनच दिवस बोलावलं, तर मोजायचे तीनच. पावसाने शेत बंद, तो दिवस गेला. फळ अजून पिकलं नाही म्हणून दोन आठवडे थांबा म्हटलं, तर तेही गेले. कॅज्युअल, म्हणजे लागेल तसं बोलावलेल्या, कामगाराला पगारी आजारपणाची रजा नसते, त्यामुळे आजारपणाचे दिवसही मोजणीत येत नाहीत. एका दिवसात चौदा तास राबलात तरी दिवस एकच. म्हणून ८८ दिवसांसाठी प्रत्यक्षात चार-पाच महिने हाताशी ठेवा. दिवस वेगवेगळ्या मालकांकडे तुकड्यातुकड्याने भरले तरी चालतात.

दुसरा घोळ पिनकोडचा. चालणाऱ्या पिनकोडांच्या याद्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर व्हिसानिहाय आणि कामानिहाय आहेत. धरायचा तो तुम्ही प्रत्यक्ष राबता त्या जागेचा पिनकोड. पे-स्लिपवर बऱ्याचदा मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो. शेत यादीत आणि कार्यालय मेलबर्नमध्ये असेल तर शेताचा पत्ता लिहिलेलं मालकाचं पत्र वेगळं घेऊन ठेवा. हॉटेल आणि पर्यटनातलं काम उत्तर ऑस्ट्रेलियात, तसंच दुर्गम आणि अतिदुर्गम म्हणून नोंदलेल्या भागांत चालतं. सिडनीच्या कॅफेतलं काही मोजलं जात नाही.

तिसरा घोळ कामाच्या प्रकाराचा. फळं तोडणं आणि पॅकिंग शेडमध्ये भरणं चालतं, व्यापारी बागेतली छाटणी चालते. त्याच द्राक्षमळ्यावर ग्राहकांना वाइन विकणं चालत नाही. शेतावर राहून मालकाची मुलं सांभाळणंही चालत नाही. राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं विनापगारी काम २०१५ पासून मोजत नाहीत.

पुरावा म्हणून प्रत्येक पे-स्लिप, पगार जमा झाल्याचं बँक विवरण आणि मालकाची सही असलेला फॉर्म लागतो. ४१७ ला १२६३ क्रमांकाचा, ४६२ ला १४६४. शेत सोडतानाच सही घ्या. हंगाम संपला की ठेकेदाराचा फोन लागत नाही. रोजची नोंद स्वतःही ठेवा: तारीख, शेताचं नाव, सुरुवात, शेवट, पीक.

दिवसांची सही विकत मिळते म्हणतात, ते खरं का?

विकणारे आहेत. गृह खातं पे-स्लिप, कर खात्यातली नोंद आणि बँक विवरण ताडून पाहू शकतं. खोटा कागद सापडला तर अर्ज फेटाळला जातो आणि तीन वर्षं बहुतेक ऑस्ट्रेलियन व्हिसांना मुकावं लागतं.

एकाच मालकाकडे वर्षभर काम करता येतं का?

साधारणपणे सहा महिने. एकाच मालकाच्या वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येकी सहा महिन्यांपर्यंत, तसंच शेती-पशुपालनात कुठेही आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काही ठरावीक उद्योगांत यापेक्षा जास्त चालतं. या सवलतींत बसत नसाल तर खात्याची लेखी परवानगी सहा महिने भरण्याआधी मागा.

फळतोडणीत पैसे खरोखर किती सुटतात?

राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर. कॅज्युअल कामगाराला त्यावर २५ टक्के वाढ, म्हणजे ३१.१९. आठवड्याला ३८ तास भरले तर सुमारे १,१८५ डॉलर, त्यातून १५ टक्के कर गेला की हातात हजाराच्या आसपास.

उक्त्या कामाला, म्हणजे दर बिनमागे (फळं भरायच्या मोठ्या खोक्यामागे) किंवा बादलीमागे मजुरीला, २८ एप्रिल २०२२ पासून तळ घातलेला आहे. बागायती कामगारांच्या नियमावलीनुसार दर असा ठेवावा लागतो की सरासरी हाताच्या माणसाला तासाच्या दरापेक्षा किमान १५ टक्के जास्त सुटावेत. आणि कुणाचा हात कितीही हळू असला तरी त्या दिवशी भरलेल्या तासांचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. हिशेब दिवसाचा होतो, आठवड्याचा नाही. काम सुरू होण्याआधी दर लिहून द्यावा लागतो. ‘तू हळू आहेस म्हणून आज साठच डॉलर’ हे वाक्य बेकायदा आहे.

पहिल्या आठवड्यात हात बसलेला नसतोच. सफरचंदाची पिशवी छातीवर बांधलेली असते आणि भरली की वीसेक किलोच्या घरात जाते. शिडीवरून उतरून ती बिनमध्ये ओतायची, तीही तळाशी वाकून, पिशवीचं तोंड सैल करत. वरून सोडली की फळावर डाग पडतो, आणि डागाळलेला बिन तपासणीस परत पाठवतो. देठ फळालाच राहिला पाहिजे, म्हणून ओढायचं नाही. तळव्यात धरून वर वळवलं की फळ सुटतं. एका मोठ्या बिनमध्ये साधारण चारशे किलो माल बसतो. प्रत्येक बिनवर आपला क्रमांक नीट लागलाय ना ते पाहा, आणि संध्याकाळी बिनांचा फोटो काढून ठेवा.

आंब्याचा चीक कातडीला भाजतो. लांब बाह्या आणि हातमोजे न घालता गेलात तर दोन दिवसांत मनगटांवर फोड येतात. केळीच्या बागेत घड खांद्यावर पेलावे लागतात, आणि चाळीस किलोच्या पुढचे घड नेहमीचे असतात. कंबरेची जुनी तक्रार असेल तर पॅकिंग शेडमधलं काम मागून घ्या.

ठेकेदार खरा की खोटा, कसं ओळखायचं?

क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेराच्या प्रदेशात मजूर पुरवणाऱ्याला परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन मोफत पाहता येते. त्यात नाव नसेल तर विषय संपला.

काम मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणं, त्यांच्याच हॉस्टेलात राहण्याची सक्ती, पे-स्लिप नाही, पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागणं, ही ठरलेली लक्षणं. पगार झाल्यापासून कामाच्या एका दिवसात पे-स्लिप द्यावी लागते. भाडं पगारातून कापायचं तर तुमची लेखी संमती लागते. कामगारांना ठेवून घेणाऱ्या हॉस्टेलांचा नेहमीचा डाव असा: दोन आठवड्यांचं भाडं आणि अनामत आगाऊ घ्यायची, आणि काम ‘पुढच्या सोमवारी’. तिथे आधीच राहणाऱ्या चौघांना विचारा, मागच्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं.

तक्रार फेअर वर्क ओम्बुड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी कार्यालयाकडे, फोन १३ १३ ९४. दुभाषा लागला तर १३१ ४५०. व्हिसाची भीती घालून राबवून घेणं १ जुलै २०२४ पासून मालकाच्या बाजूने गुन्हा आहे, त्यामुळे ‘तक्रार केलीस तर परत पाठवीन’ या धमकीत फार दम नाही.

एबीएन काढ म्हणतात. काढू का?

एबीएन हा स्वतंत्र धंद्याचा क्रमांक आहे. वेळ, जागा आणि पद्धत मालक ठरवत असेल तर तुम्ही कामगार आहात. एबीएनवर घेतलं की मालकाला किमान वेतन, सुपर (निवृत्ती निधी) आणि विमा या तिन्हींतून सुटका हवी असते. सफाई आणि पार्सल पोचवण्याच्या कामात हा प्रकार जास्त. त्याने तुमचे ८८ दिवस सिद्ध करणंही अवघड होतं.

कर आणि सुपरचं गणित काय?

मालक कर खात्यात वर्किंग हॉलिडेवाल्यांसाठी नोंदलेला असेल तर पहिल्या डॉलरपासून ४५,००० पर्यंत १५ टक्के कर. करमुक्त मर्यादा साधारणपणे मिळत नाही. काही देशांच्या नागरिकांना कर करारामुळे वेगळा नियम लागू होऊ शकतो. मालकाची नोंदणी नसेल तर ३० टक्के कापतात. पहिल्या पे-स्लिपवर टक्केवारी तपासा. जास्त कापलेलं विवरणपत्रातून परत मिळतं. करवर्ष १ जुलै ते ३० जून, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. कायमचे निघत असाल तर आधीही भरता येतं.

सुपर म्हणजे निवृत्ती निधी. मालक पगारावर १२ टक्के वेगळे भरतो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते काढता येतात, पण या व्हिसावाल्यांना त्यावर ६५ टक्के कर आहे. ४०,००० डॉलर कमावले तर सुपर ४,८००, हातात येणार १,६८०. तरीही सोडू नका. प्रत्येक नवीन मालकाला तोच फंड सांगा, नाहीतर चार फंडांत चार खाती आणि चार ठिकाणची फी.

शेती नको असेल तर?

दारू वाढण्याच्या कामाला आरएसए प्रमाणपत्र लागतं. ते राज्यानुसार बदलतं, म्हणून कुठे काम करणार ते ठरल्यावरच काढा. बांधकामाला व्हाइट कार्ड हे सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड, ते देशभर चालतं. हाती व्हाइट कार्ड, पोलादी टोपणाचे बूट आणि चमकदार जॅकेट असलं की मजुरी लवकर मिळते, आणि तासाचा दर बहुधा शेतापेक्षा चांगला असतो. ठरावीक भागातलं बांधकाम ८८ दिवसांतही धरलं जातं.

गाडी घ्यावी का?

शेतीचं काम करायचं असेल तर हो. बागा गावापासून दूर असतात आणि पहाटे साडेपाचला बस नसते.

जुनी गाडी घेण्याआधी पीपीएसआरची तपासणी करा, सरकारी साइटवर २ डॉलर लागतात. गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, ते कळतं. नोंदणी, म्हणजे रेगो, राज्याची असते. क्वीन्सलंडमध्ये विकताना सुरक्षा प्रमाणपत्र, व्हिक्टोरियात नाव बदलताना रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची रेगो बॅकपॅकरांत आवडती, कारण दरवर्षी तपासणी न करता नूतनीकरण होतं. सोय खरी, पण याच कारणाने त्या गाड्यांचे ब्रेक आणि टायर मेकॅनिकला दाखवूनच घ्या. नाव बदलायला साधारण १४ दिवस असतात.

सक्तीचा सीटीपी विमा फक्त माणसांच्या इजेचा आहे. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी निदान थर्ड पार्टी प्रॉपर्टी विमा घ्या. परदेशी परवान्याची मुदत न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सहा महिने, नॉर्दर्न टेरिटरीत तीन. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या करारात बऱ्याचदा शहराबाहेर रात्री चालवायला बंदी असते, तेव्हा विमा मिळत नाही.

राज्याच्या सीमेवर फळं टाकून द्यावी लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या चौक्यांवर गाडी उघडून बघतात.

आजारी पडलो तर?

मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना आहे. बाहेरून येणाऱ्यांत ती फक्त करार असलेल्या मोजक्या देशांच्या लोकांना मिळते. भारत त्यात नाही. बहुतेक राज्यांत रुग्णवाहिकेचंही बिल येतं. विमा घेताना दोन कलमं वाचा: हाताने करायचं शेतीचं काम त्यात धरलंय का, आणि मोटारसायकल किंवा क्वाड बाइक वगळलीय का. साध्या पर्यटन विम्यात दोन्ही बहुधा वगळलेली असतात. कामावर झालेल्या इजेला मालकाचा कामगार विमा लागू होतो, तात्पुरत्या व्हिसावाल्यांनाही. इजा त्याच दिवशी लेखी कळवा. तातडीच्या मदतीला फोन ०००.

माझा फोन तिथे चालेल का?

न चालण्याची शक्यता धरूनच चला. तिथलं ३जी २०२४ च्या अखेरीस बंद झालं. ४जीवरून तातडीचा कॉल लावता न येणारे फोन तिथल्या कंपन्या बंदच करतात, आणि परदेशात घेतलेले काही चांगले फोनही त्यात सापडतात. निघण्याआधी मॉडेल तपासा. शहराबाहेर टेल्स्ट्रा या कंपनीचं जाळं सर्वात लांब पोचतं. स्वस्त सिम घेताना ते पूर्ण जाळं वापरतं की अर्धवट, ते विचारा.

सामानात काय नेऊ नये?

बिया, ताजी फळं, मांस, लाकडी वस्तू घोषित न करता नेऊ नका. ट्रेकिंगच्या बुटांना चिकटलेली मातीसुद्धा धरतात, तळवे घासून न्या. शंका असेल ते प्रवेशपत्रावर लिहा. लिहिलेलं फार तर जप्त होतं, लपवलेल्याला हजारो डॉलर दंड होऊ शकतो.

या व्हिसावर शिकता येतं का?

चार महिन्यांपर्यंत.

कॉलेजची जागा कशी राखायची?

प्रवेश पुढे ढकलल्याचं पत्र तारखेसह लेखी घ्या, तेही व्हिसाचं शुल्क भरण्याआधी. परतण्याची तारीख सत्र सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधीची धरा. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या, कारण हंगाम लांबतो आणि शेवटच्या दोन आठवड्यांतले पैसे सोडवत नाहीत.

निघताना काय विसरतं?

मायगव्ह, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवांचं खातं. कर आणि सुपरच्या कामांना ते लागतं, आणि कोड ऑस्ट्रेलियन नंबरवर येतो. नंबर बंद पडण्याआधी लॉगिन पासकीवर किंवा अ‍ॅपवर वळवा. सुपर फंडाला ईमेल आणि परदेशी पत्ता कळवा. शेवटच्या पगाराची तारीख पाहूनच बँक खातं बंद करा. गाडी विकली असेल तर मालकी बदलल्याची नोंद तुमच्या बाजूनेही करून पावती ठेवा, नाहीतर पुढच्या मालकाचे टोल आणि दंड तुमच्या नावावर येत राहतात.